पेशीपटल आणि जलसंजीवनीचे मर्म

मृग नक्षत्र लागले की चिमूर परिसरातील धानाच्या बांध्यांतून पऱ्हे टाकण्याची लगबग सुरू होते. उमा नदीला आणि तिला मिळणाऱ्या नाल्यांना नवे पाणी येते. हेच नवे पाणी गावातील उघड्या विहिरींत आणि गळक्या नळांतही शिरते, आणि रोवणीच्या ऐन दिवसांत घरोघरी हगवणीचे रुग्ण दिसू लागतात. चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांच्या कोणत्याही गावात अशा वेळी दोन वाक्ये हमखास कानी पडतात. पहिले, ‘पाणी पाजतो, पण ते अंगी लागत नाही, पाजले की जुलाब वाढतात, म्हणून पाणीच बंद केले.’ दुसरे, ‘सलाईन लावल्याशिवाय आता काही उपाय नाही.’

या दोन्ही वाक्यांमागे काही अनुभव आहे, हे नाकारता येणार नाही. नुसते पाणी पाजूनही मूल सुकत जाते, हे मातेने डोळ्यांनी पाहिलेले असते. मात्र या अनुभवावरून काढलेला निष्कर्ष घातक ठरतो. कारण अतिसाराने दगावणारे मूल बहुधा शरीरातील पाणी व क्षार संपल्यामुळे दगावते. पाणी अंगी का लागत नाही आणि ते कशाने लागते, या प्रश्नाचे उत्तर डोळ्यांना न दिसणाऱ्या एका पातळ पडद्यापाशी येऊन थांबते. त्या पडद्यास जीवशास्त्रात ‘पेशीपटल’ म्हणतात. शालेय पाठ्यपुस्तकात त्याची व्याख्या असते, आकृती असते. परंतु त्या आकृतीचा आपल्या गावातील मुलाच्या प्राणाशी काय संबंध आहे, हे सहसा सांगितले जात नाही. प्रस्तुत लेखात तो संबंध उलगडून दाखविण्याचा प्रयत्न केला आहे.

अतिसूक्ष्म कुंपण

सर्व सजीवांचे शरीर पेशींचे बनलेले आहे. प्रत्येक पेशीच्या आत पाणी, क्षार, प्रथिने व इतर द्रव्ये एका विशिष्ट प्रमाणात असतात, आणि ते प्रमाण बाहेरच्या प्रमाणाहून फार वेगळे असते. उदाहरणार्थ, पेशीच्या आत पोटॅशियम पुष्कळ व सोडियम थोडे असते, तर पेशीबाहेरील द्रवात नेमके याच्या उलट असते. हा भेद टिकणे म्हणजेच जीवन टिकणे होय. पेशी मेली की आतले-बाहेरचे सारखे होते. हा भेद राखण्याचे काम पेशीपटल करते.

पेशीपटलाची जाडी एका मीटरच्या अब्जांश भागाच्या सात ते आठ पट, म्हणजे सात ते आठ नॅनोमीटर एवढीच भरते. वहीचा कागद साधारणतः एक दशांश मिलिमीटर जाड असतो. तेवढ्या जाडीत बारा-तेरा हजार पेशीपटले एकावर एक रचता येतील! असा हा पडदा साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही. त्यामुळे त्याची रचना शास्त्रज्ञांना प्रथम अनुमानानेच ओळखावी लागली.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अर्न्स्ट ओव्हर्टन यांच्या असे लक्षात आले की, जे पदार्थ तेलात सहज विरघळतात ते पेशीतही सहज शिरतात. यावरून पेशीचे कुंपण स्निग्ध द्रव्याचे असावे, असे त्यांनी सांगितले. १९२५ मध्ये हॉलंडमधील गॉर्टर व ग्रेंडेल या दोघांनी रक्तातील तांबड्या पेशींमधून स्निग्ध द्रव्य वेगळे काढले आणि ते पाण्यावर एका थरात पसरविले. त्या थराचे क्षेत्रफळ पेशींच्या पृष्ठभागाच्या सुमारे दुप्पट भरले. याचा सरळ अर्थ असा की, प्रत्येक पेशीभोवती या द्रव्याचे दोन थर आहेत. पुढे १९७२ मध्ये सिंगर व निकोल्सन यांनी जे चित्र मांडले, ते काही सुधारणांसह आजही मान्य आहे.

हे चित्र असे आहे. पटलातील स्निग्ध द्रव्याच्या प्रत्येक कणास एक डोके व दोन शेपट्या असतात. डोक्याला पाणी आवडते, शेपट्यांना पाण्याचे वावडे असते. पेशीच्या आतही पाणी व बाहेरही पाणी. तेव्हा हे कण आपोआपच दोन ओळींत उभे राहतात. डोकी बाहेरच्या व आतल्या पाण्याकडे, आणि शेपट्या मधोमध एकमेकींकडे तोंड करून. मधला हा तेलकट पट्टाच खरे कुंपण होय. मात्र हे कुंपण भिंतीसारखे ताठ नसते. त्यातील कण जागच्या जागी सतत सरकत असतात, आणि त्यांच्यामध्ये ठिकठिकाणी प्रथिनांचे मोठे कण रुतलेले असतात. पाण्यावर पसरलेल्या तेलाच्या तवंगात लाकडाचे ओंडके तरंगत असावेत, तशी ही रचना असते. या प्रथिनांपैकी कित्येक आरपार असतात, आणि तीच पेशीची दारे होत.

पाणी कोणामागे जाते?

तेलकट पट्ट्यातून कोणाला सुटकर जाता येते? प्राणवायू व कार्बन डायऑक्साइड यांसारखे लहान कण विनासायास जातात. जिकडे ते जास्त आहेत तिकडून, जिकडे कमी आहेत तिकडे त्यांचा ओघ असतो. यास विसरण म्हणतात. फुप्फुसांत रक्ताला प्राणवायू मिळतो तो याच मार्गाने. त्यासाठी पेशीला वेगळी शक्ती खर्च करावी लागत नाही. याउलट मीठ विरघळले की त्याचे विद्युत्‌भारित कण होतात. त्यांना तेलकट पट्टा ओलांडता येत नाही. साखरेचा कण भारित नसला तरी मोठा व पाण्यात रमणारा असल्यामुळे त्यालाही अडसर होतो.

पाण्याची गोष्ट निराळी आहे. पाण्याचा कण लहान असल्याने तो थोडाफार पट्ट्यातूनही झिरपतो. शिवाय पुष्कळ पेशींमध्ये पाण्यासाठी स्वतंत्र मार्गिका असतात. या मार्गिका अमेरिकेतील पीटर ॲग्रे यांनी १९९२ मध्ये ओळखल्या व त्याबद्दल त्यांना २००३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु पाण्याला हुकूम करून इकडून तिकडे नेणारा पंप कोणत्याही पेशीपाशी नाही. पाणी जाते ते क्षार व साखर जिकडे अधिक आहेत तिकडे. विरघळलेल्या द्रव्यांची गर्दी जेथे जास्त, तेथे पाणी ओढले जाते. या क्रियेस परासरण असे नाव आहे.

परासरणाचा हा नियम आपल्या स्वयंपाकघरात रोज पाहावयास मिळतो. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले की थोड्या वेळात भांड्याच्या तळाशी पाणी सुटते. हे पाणी फोडीच्या पेशींमधून बाहेर आलेले असते, कारण बाहेर मीठ अधिक आहे. मनुका साध्या पाण्यात टाकल्या तर त्या टपोऱ्या होतात. कारण आत साखर अधिक आहे. धान उत्पादकांना बीजप्रक्रियेचा अनुभव असतो. दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ टाकून त्यात बियाणे बुडवितात, तरंगणारे हलके बी काढून टाकतात, आणि तळाशी बसलेले वजनदार बी दोन-तीन वेळा स्वच्छ पाण्याने धुऊन घेतात. मिठाचे पाणी येथे जड-हलके निवडण्यापुरतेच वापरलेले असते. परंतु धुण्याची पायरी गाळली तर बियाला चिकटलेले मीठ पाणी शोषू देत नाही आणि उगवण मंदावते.

आपल्या रक्ताचेही असेच आहे. एक लिटर पाण्यात नऊ ग्रॅम मीठ, हे प्रमाण तांबड्या पेशींना मानवते. तांबड्या पेशी शुद्ध पाण्यात सोडल्या तर पाणी आत शिरून त्या फुगतात व फुटतात. अतिखारट पाण्यात सोडल्या तर आक्रसून जातात. ज्या ‘सलाईन’ची मागणी गावोगावी होते, त्या बाटलीतील द्रावण बहुधा याच प्रमाणाचे, म्हणजे मिठाचे पाणीच असते. त्यात अन्य कोणतेही गूढ औषध नसते, ही गोष्ट ग्रामपंचायतीच्या सदस्यांनी लोकांस समजावून सांगण्यासारखी आहे.

तेव्हा पहिला नियम असा झाला: पाणी मिठामागे जाते. आणि मिठाला मात्र तेलकट पट्टा ओलांडता येत नाही. त्याला दार लागते.

दारे आणि पंप

पेशीपटलातील दारे अनेक प्रकारची आहेत. काही नुसत्या मार्गिका असतात. त्या उघडल्या की ठरावीक कण उताराच्या दिशेने, म्हणजे जास्तीकडून कमीकडे वाहतात. काही दारे वाहकासारखी असतात. ती एका बाजूस कण पकडतात, स्वतःचा आकार बदलतात व दुसऱ्या बाजूस तो सोडून देतात. तिसरा प्रकार पंपाचा. पंप कणांना चढावर, म्हणजे कमीकडून जास्तीकडे नेतो, आणि त्यासाठी पेशीला ऊर्जा मोजावी लागते.

यांतील सर्वांत महत्त्वाचा पंप डेन्मार्कमधील येन्स स्कोउ यांनी खेकड्याच्या मज्जातंतूंवर काम करताना १९५७ मध्ये उजेडात आणला. हा पंप प्रत्येक फेरीत सोडियमचे तीन कण पेशीबाहेर टाकतो व पोटॅशियमचे दोन कण आत घेतो. आपण स्वस्थ झोपलो असतानाही आपल्या ऊर्जेचा मोठा हिस्सा या पंपावर खर्च होत असतो. चाळीस वर्षांनंतर, १९९७ मध्ये, स्कोउ यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. या पंपामुळे पेशीच्या आत सोडियम नेहमी कमी राहते, आणि बाहेरचे सोडियम आत येण्यास सदैव उत्सुक असते. विहिरीतील पाणी उपसत राहिले की झऱ्यांतून नवे पाणी येत राहते, तसाच हा प्रकार होय. या उत्सुकतेचाच उपयोग आतड्यातील पेशी करून घेतात.

आतड्यातील जुळे दार

प्रौढ माणसाच्या आतड्यात दररोज सुमारे आठ ते नऊ लिटर द्रव येतो. त्यांपैकी सुमारे दोन लिटर आपण प्यालेला व खाल्लेला, उरलेला लाळ, जठररस, पित्त इत्यादी रूपाने शरीरानेच सोडलेला असतो. यांतील जवळजवळ सगळा द्रव आतडे परत शोषून घेते. विष्ठेवाटे शंभर-दोनशे मिलिलिटरच बाहेर जातो. अतिसार म्हणजे या देवाण-घेवाणीचा ताळेबंद बिघडणे होय.

कॉलऱ्याचे उदाहरण घेऊ. कॉलऱ्याचे जंतू एक विष सोडतात, हे कोलकात्याचे डॉ. शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये सिद्ध केले. हे विष आतड्याच्या पेशी फोडीत नाही. ते पेशीपटलातील क्लोराइडची एक मार्गिका उघडी पाडते व ती बंद होऊ देत नाही. क्लोराइड आतड्याच्या पोकळीत वाहू लागते, त्यापाठोपाठ सोडियम जाते, आणि पाणी तर मिठामागे जाणारच. काही तासांत माणूस कित्येक लिटर पाणी गमावून बसतो. अशा वेळी नुसते पाणी पाजले तर ते आतड्यात असते, परंतु त्याला आत ओढून नेणारे मीठ आत जात नाही. नुसते मिठाचे पाणी पाजले तरी मिठाची नेहमीची एक वाट विषाने रोखलेली असते. ‘पाणी अंगी लागत नाही’ हा मातेचा अनुभव म्हणूनच खरा असतो.

मग मार्ग कोणता? १९६० मध्ये प्राग येथे भरलेल्या एका वैज्ञानिक बैठकीत अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी एक कल्पना मांडली. आतड्याच्या पेशीत ग्लुकोज एकटे शिरत नाही; ते सोडियमचा हात धरून शिरते. या दारास दोघेही एकाच वेळी लागतात. आज आपणांस ठाऊक आहे की, या वाहक प्रथिनात प्रत्येक खेपेस सोडियमचे दोन व ग्लुकोजचा एक कण बसतो, मगच दार फिरते. सोडियम व साखर आत गेली की त्यांच्यामागोमाग पाणीही आत जाते.

या साऱ्याचे मर्म एका गोष्टीत आहे. कॉलऱ्याचे विष क्लोराइडची मार्गिका बिघडविते, पण हे जुळे दार शाबूत राहते. विषाणूंमुळे होणाऱ्या अतिसारात आतड्याच्या काही पेशींची हानी होते. तेथेही उरलेल्या पेशींतील ही दारे चालू असतात. म्हणजे जुलाब सुरू असतानाही शरीराला पाणी पोहोचविण्याची एक वाट मोकळी असते. अट एवढीच की, साखर व मीठ योग्य प्रमाणात, एकत्र आणि पाण्यात विरघळवून द्यावयास हवे. हेच जलसंजीवनीचे, म्हणजे ओआरएसचे तत्त्व.

बनगाव, १९७१

शास्त्रीय कल्पना प्रयोगशाळेतून खेड्यापर्यंत पोहोचण्यास वेळ लागतो. कोलकात्याचे डॉ. हेमेंद्रनाथ चॅटर्जी यांनी साखर-मिठाचे द्रावण तोंडावाटे देऊन कॉलऱ्याच्या रुग्णांवर केलेल्या उपचारांचा वृत्तांत १९५३ मध्येच प्रसिद्ध केला होता. परंतु त्याकडे फारसे लक्ष गेले नाही. १९६८ मध्ये ढाका येथे नलिन व कॅश या डॉक्टरांनी ग्लुकोज व क्षार यांचे द्रावण तोंडावाटे दिल्यास शिरेतून द्यावयाच्या द्रवाची गरज पुष्कळ घटते, असे दाखवून दिले. तरीही ही पद्धत रुग्णालयाबाहेर चालेल, यावर अनेकांचा विश्वास नव्हता.

तो विश्वास १९७१ साली बसला. बांगलादेशाच्या मुक्तिसंग्रामाच्या काळात लक्षावधी निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले, आणि सीमेवरील बनगावच्या छावणीत कॉलऱ्याने थैमान घातले. शिरेतून देण्याच्या द्रवाचा साठा संपत आला. तेथे काम करणाऱ्या डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, साधे मीठ व खाण्याचा सोडा यांची पाकिटे तयार करविली; एका लिटरला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ व अडीच ग्रॅम सोडा असे प्रमाण होते. तोटी बसविलेल्या पिंपांत द्रावण करून ठेवले व रुग्णांच्या नातेवाइकांनाच ते कपाकपाने पाजावयास सांगितले. अशा छावण्यांत शंभरांत वीस ते तीस रुग्ण दगावत असत, डॉ. महालनबीस यांच्या देखरेखीखालील रुग्णांत हे प्रमाण शंभरी ३.६ वर आले. १९७८ मध्ये लंडनच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने साखर-मिठाच्या या जोडीच्या शोधास शतकातील सर्वांत महत्त्वाच्या वैद्यकीय प्रगतीचा मान मिळू शकेल, असा अभिप्राय दिला. डॉ. महालनबीस यांचे २०२२ मध्ये निधन झाले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले.

बनगावचा हा धडा आपल्या वनजिल्ह्यांसाठी विशेष मोलाचा आहे. भामरागडजवळ पर्लकोटा नदीच्या पुलावरून पाणी वाहून तालुक्याचा संपर्क तुटल्याचे वृत्त अनेक पावसाळ्यांत वाचावयास मिळाले आहे. चिमूर तालुक्यातही नाल्याला पूर आला की आडबाजूच्या गावातून रुग्णास हलविणे कठीण होते. अशा रात्री सलाईनची बाटली, सुई व ती लावणारे कुशल हात गावात असतीलच असे नाही. जलसंजीवनीचे पाकीट मात्र असू शकते, आणि ते पाजण्यास आईचा हात पुरतो.

प्रमाण हेच औषध

पेशीपटलाचे दार सोडियम व ग्लुकोज यांची जोडी मागते, म्हणून प्रमाणास महत्त्व आहे. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी २००२ मध्ये जे सुधारित सूत्र स्वीकारले, त्यानुसार एका लिटरच्या पाकिटात २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड व २.९ ग्रॅम सोडियम सायट्रेट असते. एकूण वजन साडेवीस ग्रॅम. पूर्वीच्या सूत्राहून हे द्रावण पातळ आहे. त्यातील विरघळलेल्या कणांची गर्दी रक्तापेक्षा थोडी कमी असल्याने पाणी आतड्यातून रक्ताकडे अधिक सुलभतेने जाते. मुलांमधील चाचण्यांत या सूत्रामुळे शिरेतून द्रव देण्याची गरज सुमारे एक तृतीयांशाने घटलेली आढळली.

यावरून पुढील गोष्टी ध्यानी येतील. एका लिटरचे पाकीट एका लिटरमध्येच विरघळवावे. अर्धे पाकीट पेलाभर पाण्यात कालविले तर द्रावण दाट होते, आणि दाट द्रावण उलट शरीरातील पाणी आतड्यात ओढते. बाजारातील शीतपेयांत लिटरमागे सुमारे शंभर ग्रॅम साखर असते, म्हणजे जलसंजीवनीच्या सातपटींहून अधिक. ती जुलाबाच्या रुग्णास पाजणे म्हणजे आगीत तेल ओतणे होय. पुष्कळ साखर असलेल्या पेयांवर ‘ओआरएस’ ही अक्षरे छापून ती विकली जात होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने खाद्यपेयांच्या वेष्टनावर या शब्दाच्या वापरास मनाई केली. खरेदी करताना पाकिटावरील सूत्र वाचण्याची सवय लावून घ्यावी.

पाकीट हाती नसल्यास एक लिटर उकळून थंड केलेल्या पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर व अर्धा सपाट लहान चमचा मीठ विरघळवून द्यावे. साध्या साखरेपासून आतड्यात ग्लुकोज तयार होते, त्यामुळे जुळे दार उघडते. मीठ कधीही वाढवू नये. द्रावणाची चव अश्रूंपेक्षा खारट लागता कामा नये. आपल्या झाडीपट्टीत आजारी माणसास मीठ घातलेली तांदळाची पातळ पेज देण्याची जुनी चाल आहे. पेजेतील पिष्टमय पदार्थाचे पचन होऊन ग्लुकोजच तयार होते. तेव्हा ही चाल पेशीपटलाच्या नियमास धरूनच आहे. मात्र पेजेत थोडे मीठ हवे. अळणी पेजेने अर्धेच काम होते. सहा महिन्यांखालील बाळास पेज देऊ नये. त्याचे अंगावरचे दूध चालू ठेवून आरोग्य कर्मचाऱ्याच्या सल्ल्याने जलसंजीवनी द्यावी.

दोन वर्षांखालील मुलास प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, मोठ्या मुलास अर्धा ते एक कप द्रावण घोटाघोटाने द्यावे. ओकारी झाल्यास दहा मिनिटे थांबून पुन्हा हळूहळू सुरू करावे. तयार द्रावण चोवीस तासांनंतर टाकून द्यावे. जलसंजीवनीने जुलाब तत्काळ थांबत नाहीत. तिचे काम गेलेले पाणी भरून काढणे हे आहे. ही गोष्ट आधीच सांगितली नाही तर ‘गुण आला नाही’ म्हणून माता ती बंद करते. सोबत झिंकच्या गोळ्या चौदा दिवस द्यावयाच्या असतात. त्यांची मात्रा आशा कार्यकर्ती वा आरोग्यसेविका वयानुसार सांगते. मूल सुस्त झाले, डोळे खोल गेले, पिण्याची शक्ती उरली नाही, पोटाची त्वचा चिमटीत धरून सोडल्यावर सावकाश पूर्ववत होऊ लागली किंवा शौचातून रक्त गेले, तर मात्र विलंब न लावता रुग्णालयात न्यावे. वाटेतही द्रावण पाजत राहावे. अशा रुग्णास सलाईन खरोखरच लागते.

सिकलसेल आणि तोच नियम

आपल्या भागात आणखी एका आजारात पेशीपटल व पाणी यांचा संबंध जीवन-मरणाचा ठरतो. तो आजार सिकलसेलचा. भारतात त्याची नोंद १९५२ मध्ये निलगिरीच्या डोंगराळ भागात झाली, आणि विदर्भातील रुग्णांचा वृत्तांत १९५८ मध्ये नागपुरातून प्रसिद्ध झाला. चंद्रपूर व गडचिरोलीतील आदिवासी व इतरही समाजांत तो आढळतो. आनुवंशिक दोषामुळे रक्तातील हिमोग्लोबिन या प्रथिनात एक लहानसा बदल झालेला असतो. प्राणवायू सोडून दिल्यावर हे सदोष हिमोग्लोबिन एकमेकांस चिकटून दोऱ्यासारखे लांबते, आणि मऊ, गोल तांबडी पेशी विळ्याच्या आकाराची व ताठ बनते.

येथे पेशीपटलाचा प्रश्न उपस्थित होतो. वारंवार ताणले गेल्याने पटलातून कॅल्शियम आत झिरपते. त्यामुळे पोटॅशियमची एक मार्गिका उघडते. पोटॅशियम बाहेर जाते, आणि त्याच्यामागे पाणीही बाहेर जाते. पाणी कमी झाले की आतील हिमोग्लोबिन अधिक दाटते. दाटले की ते अधिक लवकर चिकटते. असे हे दुष्टचक्र असते. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. सिकलसेलच्या रुग्णात ती दहा ते वीस दिवसांतच नष्ट होते. ताठ पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकल्या की असह्य वेदना होतात. याशिवाय अशा रुग्णाच्या मूत्रपिंडास लघवी दाट करून पाणी वाचविणे जमत नाही, म्हणजे तेथूनही पाणी जातच राहते.

म्हणून सिकलसेलच्या रुग्णास भरपूर पाणी पिण्याचा जो सल्ला दिला जातो, तो औपचारिक नव्हे. रोवणीच्या उन्हात, तापात, आणि विशेषतः हगवणीत त्याच्या शरीरातील पाणी घटणे धोक्याचे असते. सिकलसेलग्रस्त मुलास जुलाब लागल्यास पहिल्या जुलाबापासूनच जलसंजीवनी सुरू करावी व त्यास डॉक्टरांना दाखवावे. १ जुलै २०२३ रोजी देशात राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियान सुरू झाले असून, चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी व्यक्तींच्या तपासणीचे उद्दिष्ट त्यात ठेवले आहे. वर्गात असे मूल असेल तर त्याला तासाच्या मध्येही पाणी पिण्याची व लघवीस जाण्याची मोकळीक असावी. शिक्षकांच्या हातची ही साधी सवलत त्या मुलास वेदनेपासून वाचवू शकते.

शाळेत आणि ग्रामपंचायतीत

पेशीपटलाचा पाठ शिकविताना दोन सोपे प्रयोग करता येतील. पहिला बटाट्याचा. सारख्या आकाराच्या दोन फोडी घेऊन एक साध्या पाण्यात व दुसरी खारट पाण्यात दोन तास ठेवावी. पहिली कडक होते, दुसरी लुळी पडते. परासरण मुलांच्या बोटांना कळते. दुसरा बीटचा. बीटच्या फोडी स्वच्छ धुऊन एक थंड पाण्यात व एक उकळत्या पाण्यात टाकावी; उकळते पाणी शिक्षकांनी स्वतः हाताळावे. थंड पाणी बहुतांशी निर्मळ राहते, गरम पाणी लालभडक होते. उष्णतेने पेशीपटल मोडले व आतला रंग बाहेर आला. जिवंत पटल काय राखून ठेवते, हे यातून दिसते. तिसरा पाठ घरी करावयाचा: एक लिटर मापाचे भांडे कोणते, हे प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या आईस दाखवून द्यावे. अनेक घरांत पाकीट असते, पण लिटरचे माप नसते.

ग्रामपंचायतीची जबाबदारी याहून मोठी आहे. जलसंजीवनी गेलेले पाणी भरून काढते. रोगजंतू विहिरीत जाऊ नयेत, ही व्यवस्था गावानेच करावयाची आहे. नळवाहिनीच्या गळत्या दुरुस्त करणे, पावसाळ्यात पाण्यात ब्लिचिंग पावडर नियमित टाकणे, विहिरीभोवती सांडपाणी साचू न देणे, आणि आशा कार्यकर्ती व अंगणवाडीकडे पाकिटांचा व झिंकच्या गोळ्यांचा साठा मृग नक्षत्रापूर्वीच पोहोचला आहे की नाही हे मासिक सभेत विचारणे, ही कामे कोणत्याही मोठ्या खर्चाची नाहीत. पुरात तुटणाऱ्या गावांसाठी तर हा साठा आधी पोहोचणे अत्यावश्यक आहे.

१६ ऑगस्ट १९४२ च्या लढ्याने चिमूरचे नाव देशभर पोहोचविले. त्याच चिमूरच्या गावागावांत आज ऑगस्टच्या पावसात एक लहान लढाई दरवर्षी लढावी लागते. तिचे शस्त्र साडेवीस ग्रॅमचे पाकीट आहे, आणि तिचा डावपेच पेशीपटलाने शिकविलेला आहे. पाणी मिठामागे जाते; मीठ साखरेसोबत दारातून आत जाते; आणि हगवण चालू असतानाही ते दार उघडे असते. एवढे ज्या मातेस पटले, ती आपल्या मुलाचे पाणी बंद करणार नाही.